कॉर्टिसॉलचा आकडा वाचण्याआधी घड्याळ बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं समजण्यात काही चुकलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. सहा वर्षांपासून थायरॉइड आहे, तोही हाशिमोटोचा, म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेनेच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करून तिचं हार्मोन कमी पाडलेला. रोज ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे आणि टीएसएच (गोळी पुरते की नाही हे ज्यावरून कळतं ती तपासणी) २.४, म्हणजे नीट आहे. गेले तीन महिने सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकवत नाही, गजर तीनदा बंद होतो, दहा-साडेदहापर्यंत डोकं चालत नाही, संध्याकाळी मात्र बरं वाटतं. कुणीतरी सुचवलं म्हणून कॉर्टिसॉल (मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींचं, ताणात लागणारं हार्मोन) तपासलं, ते ५.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आलं (पुढचे कॉर्टिसॉलचे आकडेही याच मापात) आणि शेजारी ठळक 'एल', म्हणजे 'लो', छापून आला. आता एक जण म्हणतो थायरॉइडची गोळी १०० करा. दुसरा म्हणतो ॲड्रिनल ग्रंथी थकल्यात, ही पावडर घ्या. नेमकं काय करू?

दोन गोष्टी तुम्ही अगदी जाता जाता लिहिल्यात. माझी नजर त्यांच्यावरच अडकली. रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ ११:४० आहे. आणि आखडलेल्या खांद्यात तुम्ही दोन इंजेक्शनं घेतली होती, त्यातलं दुसरं या तपासणीच्या पाच आठवडे आधी.

बावीस वर्षं मी हार्मोनचेच पेशंट बघते आहे. तरी माणूस समोर नसताना, त्याचं बीपी हातात नसताना निदान करू नये, एवढं मला कळतं. त्यामुळे इथे तुमच्या डॉक्टरांशी काय बोलायचं आणि का, ते सांगते.

आधी वेळेचं बघू. कॉर्टिसॉल दिवसभर एकसारखं नसतं. पहाटे ते चढायला लागतं, आपण उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी मारतं आणि मग दिवसभर उतरत जातं. मध्यरात्रीच्या सुमाराला ते तळाला असतं. दुपारपर्यंत सकाळच्या निम्म्यावर येणं अगदी नेहमीचं. शिवाय ते नळासारखं सलग वाहत नाही, लाटांनी येतं, म्हणजे दोन लाटांच्या मध्ये सुई टोचली तर आकडा आणखी खाली दिसतो. तुमच्या रिपोर्टवर जी मर्यादा छापली आहे, ६.२ ते १९.४, ती सकाळच्या नमुन्यासाठीची आहे. पावणेबाराचं रक्त त्या फूटपट्टीने मोजायचं म्हणजे भर दुपारी सावली मोजून माणूस बुटका ठरवण्यासारखं आहे. यंत्राला हे कळत नाही. मर्यादेखाली आकडा गेला की ते 'एल' छापून मोकळं होतं.

म्हणजे ५.८ निरोगी आहे का? तसंही म्हणता येत नाही. त्या वेळेच्या त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही, एवढंच मी म्हणते आहे. तपासणी पुन्हा करायची, सकाळी आठच्या आसपास. तुमची कायमची रात्रपाळी असेल तर आठचा नियम लागू नाही. मग मुख्य झोपेतून उठल्यावर तासाभरात रक्त द्यायचं आणि तसं रिपोर्टवर लिहून घ्यायचं.

आठच्या नमुन्याचा आकडा आम्ही साधारण असा वाचतो. ३ च्या खाली असेल तर कॉर्टिसॉलची कमतरता जवळजवळ नक्की. १५ च्या वर असेल तर तिची शक्यता फारच कमी. मधला पट्टा मोठा आहे आणि बहुतेक लोक त्यातच सापडतात, म्हणून तिथे उत्तेजन चाचणी लागते. ती ऐकायला जड वाटते, पण प्रत्यक्षात तासाभराचं काम आहे. हातात सुई लावून ठेवतात, एक नमुना घेतात, मग ॲड्रिनल ग्रंथीला हुकूम देणाऱ्या एसीटीएच या हार्मोनचा कृत्रिम तुकडा २५० मायक्रोग्रॅम टोचतात आणि ३० व ६० मिनिटांनी पुन्हा रक्त घेतात. ग्रंथी सशक्त असेल तर आकडा उडी मारतो. जुन्या पद्धतीच्या तपासणीत तो १८ च्या वर जावा लागायचा, नव्या पद्धतींत १४-१५ पुरतात. म्हणून तुमची प्रयोगशाळा कोणत्या पद्धतीने मोजते हे डॉक्टरांना माहीत असावं लागतं.

आता खांद्याकडे वळू. (थायरॉइडच्या लोकांमध्ये आखडलेला खांदा जरा जास्तच दिसतो. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल, पण ही दोन दुखणी अगदीच परकी नाहीत.) सांध्यात देतात ते इंजेक्शन बहुतेक वेळा स्टिरॉइडचं, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणाऱ्या औषधाचं असतं. ते सांध्यातच राहतं असा समज आहे, पण त्यातला काही भाग रक्तात उतरतो. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला, जी ॲड्रिनलला एसीटीएचचा हुकूम देते, वाटतं की कॉर्टिसॉल पुरेसं आहे, ती हुकूम देणं थांबवते आणि तुमच्या स्वतःच्या ग्रंथी काही काळ गप्प बसतात. एका इंजेक्शननंतर हे बहुधा दोन-चार आठवड्यांत निवळतं. लागोपाठ दोन झाली असतील तर जास्त वेळ लागू शकतो. डोस किती होता, औषध कोणतं होतं, यावरही ते अवलंबून आहे.

अशी 'कमतरता' मी दर महिन्याला बघते. पेशंटला विचारलं की 'स्टिरॉइड घेता का', उत्तर ठामपणे 'नाही' येतं. मग मी एकेक करून विचारते. दम्याचा पंप? नाकातला स्प्रे? अंगावर चट्टा आला म्हणून महिनोन्‌महिने लावलेलं मलम? सांध्यात, पाठीत सुई? सांधेदुखीवर कुणी दिलेली, चिठ्ठी नसलेली पुडी? तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला माणूस थांबतो आणि म्हणतो, 'ते पण स्टिरॉइडच का?' अफूच्या वर्गातली तीव्र वेदनाशामकं बरेच दिवस चालू असतील तरी कॉर्टिसॉल दबतं. आणि उलटही होतं. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि एकूण आकडा फुगलेला दिसतो. केसा-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर ते रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस तरी बंद ठेवा. ते काही यंत्रांना चक्क चकवतं, टीएसएच खोटंच कमी आणि कॉर्टिसॉल खोटंच जास्त दाखवू शकतं.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय या इंजेक्शनांवर आहे. स्टिरॉइडमुळे दबलेल्या ग्रंथींसाठी हल्ली असं धरतात की सकाळचा आकडा १० च्या वर गेला म्हणजे ग्रंथी जाग्या झाल्या. ५ ते १० मध्ये असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं. ५ च्या खाली असेल तर घाई न करता पण गांभीर्याने पुढे जायचं.

मग सरळ थायरॉइडची गोळी वाढवून बघायला काय हरकत आहे? इथे मी हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे.

मी नवीन होते तेव्हा एक पंचेचाळिशीचे गृहस्थ आले होते. थकवा, टीएसएच ७ म्हणजे वाढलेलं, थायरॉइडवर हल्ला करणाऱ्या ॲन्टिबॉडी पॉझिटिव्ह. सरळसोट थायरॉइड म्हणून मी गोळी चालू केली. तीन आठवड्यांनी ते बायकोच्या खांद्यावर हात टाकून आत आले. आणखी चार किलो वजन उतरलं होतं, सकाळी उलट्या होत होत्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. त्यांनी दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले आणि मला तळहाताच्या रेषा दिसल्या. कुणी पेनाने गिरवाव्यात तशा काळपट झालेल्या. हिरड्यांवरही डाग होते. पहिल्या भेटीतही ते असणारच, मी बघितलेच नव्हते. सोडियम १२४, म्हणजे बरंच कमी होतं. ॲडिसनचा आजार होता तो, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीच निकामी होऊन कॉर्टिसॉल बनेनासं होतं आणि त्वचा अशी काळवंडते, तो. वजन 'आणखी' उतरलं म्हणजे आधीही उतरत होतं, आणि थायरॉइड कमी असलेल्या माणसाचं वजन सहसा वाढतं. एवढी साधी विसंगती माझ्या डोळ्यांसमोर होती.

झालं असं होतं की थायरॉइडचं हार्मोन शरीराचा सगळाच कारभार वेगात चालवतं, त्यात कॉर्टिसॉल जाळण्याचा वेगही वाढतो. ग्रंथी सशक्त असेल तर ती जास्त बनवते आणि हिशेब जुळतो. जिची तिजोरी आधीच रिकामी आहे तिच्यावर हा खर्च पडला की माणूस कोसळतो. म्हणून दोन्ही कमी असतील तर आधी कॉर्टिसॉल भरून काढायचं आणि मग थायरॉइडला हात लावायचा. हा क्रम उलटा करायचा नाही. गंमत अशी की नुसत्या कॉर्टिसॉलच्या कमतरतेनेही टीएसएच थोडं वाढतं आणि उपचार झाले की कधी कधी आपोआप जागेवर येतं. त्या गृहस्थांचं तसंच झालं. पुढे त्यांना थायरॉइडची गोळी लागलीच नाही.

हे दोन आजार एकाच माणसात सापडणं योगायोग नसतं. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच ग्रंथींवर उलटली की ती एकीवर थांबेलच असं नाही. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना ॲडिसनचं निदान १९४७ साली झालं होतं, पुढे थायरॉइडचंही औषध चालू होतं. एक खरा योगायोग मात्र मला आवडतो. १९१४ साली थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं मुख्य हार्मोन, वेगळं करणारे एडवर्ड केंडल आणि ॲड्रिनलच्या हार्मोनवरच्या कामासाठी १९५० चं नोबेल वाटून घेणारे केंडल हे एकच गृहस्थ.

हे वाचून घाबरू मात्र नका. ॲडिसन दुर्मिळ आहे. युरोपातल्या आकड्यांनुसार दहा लाख लोकांत साधारण १०० ते १४०. हाशिमोटो असलेल्या बहुसंख्य लोकांना तो आयुष्यात कधी होत नाही. तुमच्या पत्रातही त्याची खूण दिसत नाही. वजन दोन किलो वाढलंय असं तुम्ही लिहिता, भूक नीट आहे, संध्याकाळी तरतरी असते. खऱ्या कमतरतेत भूक मरते, वजन गळतं, मळमळ असते, मीठ नुसतं चाखावंसं वाटतं, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपूनही थकवा हलत नाही.

घरी एक गोष्ट मात्र करून बघा. पाच मिनिटं आडवे पडा आणि बीपी मोजा. मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त पडत असेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. सोबत सोडियम-पोटॅशियम करून घ्या, ती तपासणी साधी आहे.

'थकलेल्या ॲड्रिनल'बद्दल तुम्ही विचारलंत. ही कल्पना १९९० च्या दशकाच्या शेवटी लोकप्रिय झाली. ताणामुळे ग्रंथी हळूहळू दमतात आणि म्हणून सकाळी उठवत नाही, अशी ती गोष्ट. ऐकायला पटते, कारण आपल्याला तसंच वाटत असतं. पण ग्रंथी अशा दमत नाहीत. आजारपणाच्या, शस्त्रक्रियेच्या ताणात त्या उलट जास्त कॉर्टिसॉल बनवतात. २०१६ साली ५८ अभ्यास एकत्र करून तपासले गेले, तेव्हाही असा काही आजार असल्याचं सिद्ध झालं नाही. तुमचा थकवा खोटा आहे असं मी म्हणत नाही. थकवा खरा आहे, त्याला चिकटवलेलं नाव चुकीचं आहे. आणि चुकीच्या नावाचा तोटा असा की खरं कारण शोधायचं थांबतं. त्या पावडरींबद्दल तर मी फारच कडक आहे. अशा नावाने विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत थायरॉइडचं हार्मोन आणि स्टिरॉइड सापडलेलं आहे. चार दिवस मस्त वाटतं ते त्यामुळेच, आणि तुमच्या स्वतःच्या ग्रंथी झोपतात त्याही त्यामुळेच. 'अगदी थोडं हायड्रोकॉर्टिसोन (गोळीतलं कॉर्टिसॉल) घेऊन बघू' हा सल्लाही याच जातीचा.

इथवर एका दमात सांगायचं तर आकडा चुकीच्या वेळेचा आहे, खांद्याची इंजेक्शनं हे कमी येण्याचं कारण असू शकतं, आणि हे स्पष्ट होईपर्यंत ७५ ची गोळी ७५ च राहू दे. वाढवू नका आणि बंदही करू नका.

मग सकाळी उठवत का नाही? माझ्याकडे टीएसएच नीट असूनही सकाळी मेल्यासारखं वाटणारे जे येतात, त्यांत कॉर्टिसॉल हा गुन्हेगार क्वचितच निघतो. मी आधी झोपेबद्दल विचारते, आणि पेशंटला नाही, त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला. घोरतात का? घोरता घोरता मध्येच श्वास थांबून गचका देऊन सुरू होतो का? सकाळी तोंड कोरडं, डोकं जड असतं का? झोपेतली श्वासबंदी थायरॉइडच्या पेशंटमध्ये वारंवार दिसते. त्यांनी आठ तास अंथरुणात काढलेले असतात, झोप मात्र चार तासांचीही झालेली नसते.

मग लोह. हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून लोह ठीक आहे असं नसतं. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासा, ते बरंच खाली असूनही हिमोग्लोबिन बराच काळ तग धरतं. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर आधी हेच. बी१२ही बघा, कारण हाशिमोटोच्या लोकांत पोटाच्या अस्तरावरही तसाच हल्ला होऊन बी१२ शोषलं न जाण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. गव्हातल्या ग्लुटेनचा सीलिएक आजारही याच कुटुंबातला. आणि नैराश्य. हा शब्द काढला की लोक दुखावतात, पण सकाळ सगळ्यात वाईट आणि संध्याकाळ बरी, हा नमुना नैराश्यात इतका ठरलेला आहे की न विचारणं हा माझा हलगर्जीपणा ठरेल. गेल्या तीन महिन्यांत आधी आवडायचं ते आवडेनासं झालंय का, हे स्वतःला विचारा.

गोळीच्या वेळेवरून तुम्हाला फार बोलणी बसलेली दिसतात. उपाशीपोटी घ्यायची, अर्धा ते एक तास चहा-कॉफी नाही, लोह आणि कॅल्शियम चार तास लांब, हे सगळं बरोबर आहे. पण तुमचं टीएसएच २.४ आहे, म्हणजे गोळी पोचते आहे. पंधरा मिनिटांत चहा घेतला म्हणून सकाळचा थकवा आला असं नाही. उठवतच नाही म्हणून गोळी चुकत असेल, तर रात्री शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. फक्त ठरवा आणि तीच वेळ पाळा. या हार्मोनचं अर्धायुष्य जवळजवळ आठवड्याचं आहे, त्यामुळे कोणताही बदल केल्यावर सहा ते आठ आठवड्यांआधी टीएसएच करून काही समजत नाही.

सगळं तपासून झालं, काहीच सापडलं नाही आणि टीएसएचही जागेवर आहे, तरी मरगळ आहे, असे लोकही असतात. थोडेथोडके नव्हेत. त्यांच्यापैकी निवडक लोकांत टी३ या थायरॉइडच्याच दुसऱ्या हार्मोनची जोड देऊन बघता येते, पण हृदयाची तपासणी करून आणि 'सहा महिन्यांत फरक नाही तर बंद' असं आधी ठरवून. तुम्ही अजून त्या टप्प्यावर नाही.

कमतरता खरीच निघाली तर काय, हेही तुम्ही विचारलं आहे. प्रौढांना दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दोन-तीन भागांत विभागून देतात, सगळ्यात मोठा भाग उठल्याबरोबर. माझे बरेच पेशंट गोळी आणि पाण्याचा पेला उशाशी ठेवतात. उठायच्या अर्धा तास आधीचा गजर लावायचा, गोळी घ्यायची आणि पुन्हा पडायचं. गोळी चढली की उठायचं. ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट करायचा, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतं, हे घरातल्या माणसांनाही पाठ असावं लागतं.

त्यातला एक भाग तुम्हाला आजही लागू आहे. ग्रंथी अजून अर्धवट झोपेत असतील असं धरून चाला. नवीन रिपोर्ट येईपर्यंत जोराचा ताप, उलट्या-जुलाब, अपघात किंवा भूल देऊन करायचं काही निघालं, तर पहिल्याच वाक्यात सांगा की खांद्यात स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं झाली आहेत, शेवटचं अमुक तारखेला. चक्कर येऊन पडणं, पोटात जोराने दुखणं, बरळल्यासारखं बोलणं, यांपैकी काही झालं तर उत्तरांची वाट बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

तपासणी आठला करा, सोबत फेरिटिन, बी१२, सोडियम-पोटॅशियम घाला. इंजेक्शनच्या औषधाचं नाव त्या डॉक्टरांच्या कागदावर असेल, ते शोधून ठेवा. आणि घोरण्याबद्दल घरात विचारा. रिपोर्ट आल्यावर आकड्यांबरोबर रक्त घेतल्याची वेळ, आदल्या रात्री किती वाजता झोपलात आणि शेवटच्या इंजेक्शनला किती आठवडे झाले, हे तिन्ही लिहा, मग पुढचं बोलू.